पडद्यावर आधी आपल्या गावचा दगड येऊ द्या

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेने एक प्रश्न विचारला आहे. वर्गात ४५ मुले आहेत, शाळेत एकच प्रोजेक्टर आहे आणि मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते. पाठ्यपुस्तक कर्नाटकाचे आहे आणि मराठीत सापडणारे व्हिडिओ बहुतेक महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे आहेत. अशा स्थितीत इतिहास शिकवण्यासाठी कोणती डिजिटल साधने वापरावीत आणि त्यांसाठी किती वेळ द्यावा, असे त्या विचारतात. याच सीमाभागात मी २७ वर्षे इतिहास शिकवला आणि त्यातली निदान १५ वर्षे पडदा, संगणक आणि मोबाईल यांच्या सोबतीने शिकवला. त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे. ते थोडे लांबेल, याबद्दल क्षमस्व.

प्रथम 'साधन' या शब्दाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी चालतो. शाळेला संगणक पुरवणारा माणूस 'साधन' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात यंत्र असते, आणि वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढले तेव्हा त्यांच्या मनात पत्रे, बखरी, महजर (जुने निवाडापत्र) असे अस्सल कागद होते. आपण वर्गात पहिल्या अर्थाचे साधन आणतो आणि दुसऱ्या अर्थाचे विसरतो. मग मुले ४० मिनिटे ढोल-ताशांच्या पार्श्वसंगीतावर सरकणारी चित्रे पाहतात, त्यांना मजाही येते, पण 'हे आपल्याला कशावरून कळले?' हा इतिहासाचा मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. एका तासाला इतिहासाचे एकच साधन घ्यावे, आणि ते जवळ आणण्यापुरतेच यंत्र वापरावे. पडद्यावर काही दाखवून दहा-बारा मिनिटे झाली की प्रोजेक्टर बंद करावा आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्यावा.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, ती महाराष्ट्रातल्या किंवा म्हैसूरकडच्या शिक्षकांना सहसा जाणवत नाही. बालभारतीची पुस्तके आणि त्यांवर आधारलेले मराठी व्हिडिओ विपुल आहेत, परंतु आपल्या मुलांची परीक्षा कर्नाटकाच्या 'समाज विज्ञाना'ची असते. पाठांचा क्रम, भर आणि पारिभाषिक शब्द सगळेच वेगळे असते. उलट कर्नाटकाच्या पाठांवरचे चांगले डिजिटल साहित्य बहुतांशी कन्नडमध्ये आहे. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची मराठी माध्यमाची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात आणि 'दीक्षा' या शासकीय व्यासपीठावरही पाहता येतात. पाया तोच ठेवावा. संदर्भासाठी मराठी विश्वकोशाची ऑनलाइन आवृत्ती उत्तम आहे, कारण तिथली नोंद जबाबदार लेखकाची असते आणि भाषा आपल्या मुलांना पेलते. महाराष्ट्राच्या व्हिडिओंपैकी एखादा प्रसंग चांगला सांगितलेला असेल तर तेवढा तुकडा अवश्य घ्यावा, पण पूर्ण व्हिडिओ लावून आपण मागच्या बाकावर जाऊन वह्या तपासू नयेत. कन्नड साहित्याची धास्तीही बाळगू नये. आपली मुले कन्नड शिकतात, बाजारात बोलतात. कन्नड विषयाच्या शिक्षकांना तासाला बोलावले तर दोन भाषांचे ओझे वाटण्याऐवजी त्याची मदतच होते. त्याचे सविस्तर उदाहरण पुढे देतो.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, आहे. सहलीला गेलेल्या प्रत्येक मुलाने छतातले दगडी कमळ पाहिलेले असते. ही बसदी रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचण याने बांधली. रट्टांची जुनी राजधानी सौंदत्ती, तिथून ती वेणुग्रामास, म्हणजे आपल्या बेळगावास आली. या मंदिराला दिलेल्या दानाची नोंद करणारे दोन कन्नड शिलालेख बेळगावात सापडले होते. ते आज किल्ल्यात नाहीत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लायोनेल बार्नेट यांनी त्यांचे वाचन 'एपिग्राफिया इंडिका' या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या १३ व्या खंडात प्रसिद्ध केले, आणि तो खंड इंटरनेट आर्काइव्हवर कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. आपल्या शहरातला दगड सातासमुद्रापार गेला असला तरी त्याचे वाचन आपल्या वर्गात येऊ शकते, आणि इंटरनेटचा इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

यांपैकी एका शिलालेखावर मी दोन तास घेतो. पहिल्या तासाला छापील वाचनाचे एक पान पडद्यावर ठेवतो. लेख हळेगन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये आहे, त्यामुळे कन्नडचे सर सोबत असतात. मुले आधी ओळखीचे शब्द शोधतात, आणि 'वेणुग्राम' सापडले की वर्गात कुजबुज सुरू होते. दुसऱ्या तासाला तिथीचा हिशेब असतो. लेखात शक ११२७, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया, शनिवार अशी मिती आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे मुलांना पाठ असते, म्हणून सगळे एका सुरात '१२०५' म्हणतात. मग मी रक्ताक्षी संवत्सर नेमके कधी आले ते शोधायला सांगतो. संवत्सरांचे चक्र ६० वर्षांचे असते. १९८७ साली प्रभव संवत्सर सुरू झाले, तिथून साठ-साठ वर्षे मागे जात गेले की १२०७ चा प्रभव मिळतो, आणि रक्ताक्षी हे ५८ वे संवत्सर असल्याने ते त्याआधी तीन वर्षे, म्हणजे १२०४ साली येते. एका वर्षाचा फरक कसा पडला? लेखकाने 'गत', म्हणजे पूर्ण झालेले, वर्ष न धरता 'चालू', म्हणजे सुरू असलेले, वर्ष धरले आहे, म्हणून. पुढे संगणकावर वार पडताळला की २५ डिसेंबर १२०४ हा दिवस खरोखरच शनिवार निघतो. त्या क्षणी मुलांचे चेहरे पाहावेत. तारीख पाठ करायची नसते, ती सिद्ध करायची असते, हे त्यांना कोणी न सांगता उमगते. आणखी एक गोष्ट आपोआप कळते: संकेतस्थळावरच्या शक-इसवी रूपांतरकात ११२७ हा आकडा नुसता टाकला असता तर उत्तर चुकले असते, आणि यंत्राने ते चुकीचे उत्तर पूर्ण आत्मविश्वासाने दिले असते.

कित्तूरच्या पाठाला वेगळी पद्धत लागते, कारण तिथे साहित्य तुटपुंजे नाही, उलट फार आहे आणि त्यात चुका पेरलेल्या आहेत. सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी की डलहौसीच्या दत्तकवारस नामंजुरीच्या धोरणामुळे कित्तूर खालसा झाले. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतल्या व्हिडिओंत मी हे ऐकले आहे. मुलांना मी एक साधी स्प्रेडशीट करायला लावतो. तिच्यात चार रकाने असतात: वर्ष, घटना, हे कोण सांगतो, आणि त्याला ते कसे कळले. कित्तूरचा राजा शिवलिंग रुद्र सर्जा याचा मृत्यू आणि दत्तकाचा वाद १८२४ साली झाला, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या लढाईत मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला, राणी चन्नम्मा १८२९ साली बैलहोंगलला कैदेत वारल्या आणि त्यांचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला जानेवारी १८३१ मध्ये आपल्याच तालुक्यात नंदगडला फाशी झाली. डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला १८४८ साली. ओळी वर्षाच्या क्रमाने लावल्या की चूक मुलेच पकडतात, शिक्षकाला काही बोलावे लागत नाही. दत्तक नाकारण्याची युक्ती डलहौसीच्या आधीपासूनच कंपनीच्या हाती होती, हा महत्त्वाचा मुद्दा त्यातून निघतो, आणि तो परीक्षेतही कामाला येतो. नेट बरे असेल तर हीच स्प्रेडशीट 'टाइमलाइन जेएस' या मोफत साधनात घालून फिरती कालरेषा बनवता येते. दिसायला ती सुंदर असते, परंतु शिकणे तोपर्यंत झालेले असते.

याच पाठात फोटोचा विषयही उरकता येतो. 'राणी चन्नम्मांचा खरा फोटो' अशा मथळ्याचे चित्र व्हॉट्सॲपवर आले तर काय म्हणाल, असे मी वर्गाला विचारतो. डागेरची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे जाहीर झाली १८३९ साली, आणि चन्नम्मा व रायण्णा दोघेही त्याआधीच गेले होते. मग तो फोटो कोणाचा असू शकेल? इतका एक हिशेब मुलाच्या डोक्यात बसला की पुढे आयुष्यभर त्याला असे मथळे फसवत नाहीत. पुतळे आणि चित्रे ही नंतरच्या पिढ्यांची कल्पना आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण समकालीन पुरावा म्हणून ती चालत नाहीत.

मी स्वतःही फसलो आहे, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराविषयी बोलताना मी नेटवरून घेतलेला एक सुबक फोटो पडद्यावर लावला. खाली 'हलशी' असे ठळक लिहिलेले होते. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची जुनी पलाशिका, तिथले ताम्रपट किती महत्त्वाचे, असे मी रंगात येऊन सांगत होतो. इतक्यात हलशीहून येणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, हे आमच्या गावचं देऊळ न्हवं की. आमच्या देवळात दोन देव एकमेकासमोर हाईत." ती बरोबर होती. हलशीच्या मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, आणि पडद्यावरचे चित्र कित्तूरजवळच्या देगावच्या कमलनारायण मंदिराचे होते. तेही गोव्याच्या कदंबांचेच असल्याने शैलीचा सारखेपणा मला चकवून गेला. त्या दिवसापासून कोणताही फोटो वर्गात नेण्यापूर्वी मी तो गुगल लेन्समध्ये टाकून मूळ कोठला आहे ते शोधतो, विकिमीडिया कॉमन्सवर त्याच मंदिराचे इतर फोटो शेजारी लावून पाहतो, आणि शक्य असेल तर त्या गावच्या मुलाला आदल्या दिवशी दाखवतो. तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा आहे.

आता शोध कसा घ्यावा, याविषयी. आपल्या भागाची माहिती मिळत नाही अशी तक्रार तरुण शिक्षक करतात, तेव्हा त्यांनी बहुधा एकाच नावाने शोधलेले असते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, त्यामुळे त्याआधीचा सारा इंग्रजी मजकूर 'बेलगाम' या जुन्या स्पेलिंगखाली आहे. हलशीसाठी पलाशिका आणि हलसिगे, सौंदत्तीसाठी सुगंधवर्ती आणि तालुक्याचे जुने नाव परसगड, अशी प्रत्येक गावाची दोन-तीन रूपे वहीत लिहून ठेवावीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा २१ वा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे, तो १८८४ साली निघाला आणि आज स्कॅन होऊन उपलब्ध आहे. शेवटच्या प्रकरणात गावांच्या नोंदी आहेत. वर्गातल्या बहुतेक मोठ्या गावांचे काही ना काही तिथे सापडते. आपल्या गावावर दीडशे वर्षांपूर्वी कोणी दोन ओळी लिहिल्या आहेत, हे पाहून नववीचा सर्वांत उदासीन मुलगाही पुढे सरकतो. मात्र लिहिणारे इंग्रज सरकारचे अंमलदार होते, कोणत्या समाजाविषयी त्यांनी काय आणि कोणत्या सुरात लिहिले आहे, हे आपण आधी वाचून मगच पान निवडावे. काही वर्णने वर्गात जशीच्या तशी ठेवण्याजोगी नाहीत.

इंग्रजी मजकूर मुलांसाठी मराठीत आणताना मशीन भाषांतराचा मोह होतो. अर्धे पान असेल तर स्वतःच भाषांतर करावे, असे मी आग्रहाने सांगेन. एक उदाहरण पुरेसे आहे. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला कायदेशीर अधिकार मिळाले आणि दक्षिण मराठा मुलखातल्या, म्हणजे आपल्याच भागातल्या, अनेक इनामदारांच्या सनदा तपासल्या गेल्या. त्या काळच्या इंग्रजी कागदांत इनाम 'रिझ्यूम' केले असे वारंवार येते. त्याचा अर्थ सरकारने इनाम काढून घेतले, जप्त केले. मशीन मात्र 'इनाम पुन्हा सुरू केले' असे भाषांतर देऊन मोकळे होते. अर्थ उलटा झाला, आणि १८५७ च्या आसपास या भागातले इनामदार का बिथरले होते हे समजण्याची वाटच बंद झाली. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपचेही तसेच आहे. ते अस्खलित मराठीत उत्तर देते, आणि अस्खलितपणालाच आपण खरेपणा समजून बसतो. मी ते एकाच कामासाठी वर्गात वापरतो. त्याने लिहिलेला परिच्छेद मुलांना देतो आणि कोणत्या वाक्याला पुरावा सापडतो, कोणत्याला नाही, ते शोधायला लावतो.

नकाशांविषयी फार लिहीत नाही, कारण गुगल अर्थ एकदा उघडले की मुले शिक्षकाच्या पुढे जातात. बेळगावचा किल्ला वरून पाहावा. खंदकाचे वर्तुळ जमिनीवरून कधीच एका नजरेत येत नाही, वरून ते लगेच दिसते. बहामनी वजीर महमूद गावानाने १४७२ साली आणि इंग्रज सेनानी मन्रोच्या सैन्याने १८१८ साली वेढा घातला तेव्हा तो खंदक काय कामाचा होता, हे मग शब्दांत सांगावे लागत नाही. मोजपट्टीचे साधन वापरून किल्ल्याचा घेर मुलांकडूनच मोजून घ्यावा. हिडकल धरणाच्या पाण्यात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते. जुन्या उपग्रहचित्रांची तारीख मागेपुढे सरकवून ते शोधण्याचा खेळ माझ्या वर्गात फार लोकप्रिय होता. त्याचा परीक्षेशी काही संबंध नाही, तरीही मी तो बंद केला नाही.

नकाशा आला की सीमाप्रश्न येतोच. १ नोव्हेंबरला शहरात एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्यावर काळा दिन पाळला जातो, मुले दोन्ही पाहतात आणि सोमवारी विचारतात. टाळाटाळ केली तर ती मोबाईलला विचारतील, आणि मोबाईल त्यांना थेट कॉमेंट्सच्या भांडणात नेऊन सोडील. माझा अनुभव असा की एका बाजूचा व्हिडिओ दाखवून मग दुसऱ्या बाजूचा दाखवल्याने काही साधत नाही, दोन आरोळ्यांची बेरीज पुरावा होत नाही. त्याऐवजी कागद घ्यावेत: १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा, १९५१ च्या जनगणनेतले भाषांचे तक्ते, सीमाप्रश्नासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. हा कागद कोणी, कधी, कोणासाठी लिहिला, एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि निकाल देण्याचे काम वर्गाने अंगावर घेऊ नये. यूट्यूब वर्गात थेट उघडू नये, हा नियम मी याच कारणाने केला. खालच्या कॉमेंट्स पडद्यावर आल्या की तो तास हातातून जातो.

रेंज आणि वीज यांबद्दलची अडचण खरी आहे. जांबोटी, कणकुंबीकडच्या शाळांत पावसाळ्यात दोन्ही एकदम जातात. म्हणून वर्गात ऑनलाइन असे काही करायचेच नाही, असे धरून तयारी करावी. सगळे घरी किंवा तालुक्याच्या गावी उतरवून घ्यावे आणि पेन ड्राइव्हवर न्यावे. 'किविक्स' हे मोफत ॲप आहे, त्यात संपूर्ण मराठी विकिपीडिया उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. प्रत्येक साधनाची प्रत जवळ ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथे नेहमी पाहायला मिळणारा ऑनलाइन संग्रह दीर्घकाळ बंद पडला. दुवा जपून ठेवला म्हणजे कागद जपला असे होत नाही. आणि पडद्याविषयी एक: मी पाहिलेल्या एका शाळेत महागडा स्मार्ट बोर्ड देणगीत आला आणि दोन वर्षांत त्यावर शालेय पोषण आहाराचे वेळापत्रक चिकटवले गेले, कारण तो दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्यात नव्हता. एकच प्रोजेक्टर असणे ही तितकी वाईट गोष्ट नाही. अर्ध्या पानाच्या दहा झेरॉक्स काढून गटागटांत वाटल्या की तेही डिजिटल साधनच वर्गात आल्यासारखे आहे.

मोबाईलचा सर्वांत मोलाचा उपयोग मात्र पाहण्यासाठी नाही, ध्वनिमुद्रणासाठी आहे, आणि याकडे आपले फार दुर्लक्ष होते. आपल्या भागातील आजी-आजोबांच्या आठवणी कोणत्याही संकेतस्थळावर नाहीत. निपाणीकडे १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेले शेतकरी, विडी वळणाऱ्या बायका, खानापूर-लोंढा पट्ट्यात १९५५ च्या गोवा सत्याग्रहाला निघालेल्या तुकड्यांना भाकरी पोचवल्याचे घरात ऐकलेले लोक, यांच्याशी बोलणारी मुले घरचीच असतात. शेतकरी नेते शरद जोशी किंवा गोवा मुक्ती यांविषयी पुस्तकात दोन ओळी असतील-नसतील, पण त्या दोन ओळींमागे आपली माणसे उभी होती, हे मुलाला त्याच्या घरातून कळते. काही पथ्ये मात्र पाळावीत. मुद्रणापूर्वी परवानगी मागावी आणि ती परवानगीही मुद्रित करावी. वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये. जात, जमीन आणि घरातली भांडणे यांवर मुलांनी खोदून विचारू नये. मजकूर शाळेबाहेर कोठेही टाकू नये. आजोबांनी सांगितलेले साल आणि वर्तमानपत्रातले साल जुळले नाही तर आजोबांना खोटे पाडायचे नाही. आठवणीत साल का सरकते, हाच पुढच्या तासाचा विषय करायचा. फाइलला मात्र लगेच नाव द्यावे: गाव, सांगणाऱ्याचे वय, विषय, दिनांक. माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांतली कित्येक मुद्रणे 'नवीन रेकॉर्डिंग ७', 'नवीन रेकॉर्डिंग ८' अशा नावांनी पडून आहेत, आणि त्यातला आवाज कोणाचा हे मलाही आता सांगता येत नाही.

वेळेचा प्रश्न राहिला. मुख्याध्यापक विचारतील की पोर्शन कधी संपणार, आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेला, समाज विज्ञानाचे ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. वर सांगितलेली स्प्रेडशीट, मुद्रण किंवा गॅझेटिअरमधल्या नोंदीचे टिपण हे सर्व त्या २० गुणांच्या उपक्रमात बसवता येते. त्यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. वर्षातून चार-पाच पाठांनाच ही पद्धत लावावी. बाकीचे पाठ खडू-फळ्यावर उत्तम शिकवता येतात. युरोपियनांच्या आगमनाच्या पाठाला मी आजही फक्त भिंतीवरचा नकाशा वापरतो.

आपण विचारले आहे की सुरुवात कोठून करावी. कोणतेही ॲप उतरवण्याआधी वर्गात एवढेच विचारा की कोणाच्या गावात देवळाजवळ किंवा वेशीवर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, आहे. पाच-सहा हात तरी वर होतील. वीरगळ या शब्दातला 'गळ' म्हणजे कन्नड 'कल्लु', दगड, हे कन्नडच्या सरांनाच सांगू द्या. मग त्या मुलांना फोटो काढून आणायला सांगा, पण दुपारी नको, ऊन तिरपे असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, म्हणजे झिजलेल्या कोरीवकामाची सावली पडून आकृत्या उठून दिसतात. अंधार असेल तर बॅटरीचा प्रकाश बाजूने टाकावा. अक्षरे दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ किंवा तेल चोळू नये, हे दोनदा बजावा, कारण घरची मोठी माणसे नेमका तोच सल्ला देतात. आणि फोटोत दगडाला टेकवून एक शाळेची पट्टी ठेवायला सांगा, नाहीतर दगड केवढा होता हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.